आडनाव आणि पितृवंश

बुधवारा ही बऱ्हाणपुरातील जुनी वस्ती. तेथील एखाद्या गृहस्थाने आपले आडनाव ‘बऱ्हाणपूरकर’ असे सांगितले, तर त्याचा पूर्वज एकदा तरी हे गाव सोडून गेला असावा, असा तर्क करण्यास हरकत नाही. गावातल्या माणसास गावकरी त्याच गावाच्या नावाने कशास ओळखतील? ‘कर’ हा प्रत्यय बहुधा परगावी चिकटतो. रावेरकर, यावलकर ही नावे तापीकाठी वेस ओलांडल्यावरच सार्थ होतात.

ही गोष्ट आम्ही मुद्दाम मांडतो. कारण लाळेचा नमुना प्रयोगशाळेकडे धाडून पितृवंश जाणण्याची सोय आता झाली आहे, आणि आडनावाचे मूळही तीत सापडेल अशी पुष्कळांची समजूत आहे. पुरुषाच्या पेशीतील ‘वाय’ गुणसूत्र बापाकडून मुलाकडे बहुतांशी जसेच्या तसे उतरते. क्वचित एखादे अक्षर बदलते. पोथीच्या नकलांत एकच चूक आढळली म्हणजे त्या एका मातृकेवरून उतरल्या असे आपण म्हणतो. येथील न्याय तोच.

आयर्लंडात हा न्याय चांगला लागू पडतो. तेथील ‘ओ’ म्हणजे वंशज व ‘मॅक’ म्हणजे पुत्र. हजारएक वर्षांपासून आडनावातच पूर्वपुरुष बसलेला आहे. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजातील संशोधकांनी 2006 साली वायव्य आयर्लंडातील सुमारे एकपंचमांश पुरुषांत एकच खूण दाखविली व ती पाचव्या शतकातील नील राजाच्या वंशाशी जोडली. पुढे ती खूण नीलाहून बरीच जुनी असल्याचे मत पुढे आले. खूण खरी, पण तिच्यावर राजाचे नाव लिहिलेले नसते!

आमच्याकडे तर आडनावात पुरुष नव्हे, गाव किंवा हुद्दा असतो. दोन कुलकर्णी एका वंशाचे असतीलच असे नाही. याउलट, दोन सख्ख्या भावांच्या वंशजांची आडनावे निरनिराळी होऊ शकतात.

दत्तकाचा प्रश्न त्याहून नाजूक आहे. बऱ्हाणपूर पुष्कळ काळ ज्यांच्याकडे होते त्या शिंद्यांचे घराणे पाहा. महादजींच्या मागून 1794 मध्ये दौलतराव आले; ते महादजींचे बंधू तुकोजी यांचे नातू. येथे वारस पोटचा नव्हता, तरी राणोजींचा पितृवंश अखंड राहिला. 1827 व 1843 मध्ये पुन्हा दत्तक झाले. दत्तक भाऊबंदांतून घेतला की गुणसूत्र बहुधा तेच राहते. बहिणीचा अगर मुलीचा मुलगा घेतला की आडनाव टिकते आणि गुणसूत्र बदलते. म्हणून चाचणीचा निकाल कुलवृत्तांताशी जुळला नाही, तर कोणा आजीच्या शीलाविषयी शंका घेण्याआधी दत्तकपत्र शोधावे, असे आम्ही आग्रहाने सांगतो.

नमुना धाडण्यापूर्वी त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या पाहाव्या. कुलदैवत कोणते व त्याचे ठाणे कोठे, हे घरातील वृद्ध स्त्रियांस विचारावे. त्यांच्या माहेरचा मागमूस त्या गुणसूत्रात नसतो, परंतु मूळ गावाचे नाव पुष्कळदा त्यांनाच ठाऊक असते.