अल्जीरिया : पाच जुलैची कहाणी

भूमध्य समुद्राच्या दक्षिण किनाऱ्यावर, डोंगराच्या उतारावर पांढऱ्याशुभ्र घरांची दाटी दिसते. हे अल्जीरियाची राजधानी अल्जीयर्स. शहराच्या जुन्या भागाला ‘कसबा’ म्हणतात. मराठीतला ‘कसबा’ही याच अरबी शब्दावरून आलेला आहे. अरुंद बोळ, पायऱ्यापायऱ्यांचे रस्ते, आतल्या बाजूला चौक असलेली घरे असा हा भाग युनेस्कोने १९९२ साली जागतिक वारसा म्हणून जाहीर केला.

या देशाच्या गुलामीची सुरुवात झाली ती गव्हाच्या उधारीवरून! फ्रान्सने राज्यक्रांतीच्या काळात येथून गहू घेतला. पण पैसे वर्षानुवर्षे थकले. एप्रिल १८२७ मध्ये अल्जीयर्सचा शासक हुसेन याने फ्रेंच वकिलाला त्याबद्दल जाब विचारला. वकिलाच्या उत्तराने त्याचा संताप अनावर झाला आणि त्याने हातातल्या माश्या वारण्याच्या चवरीचा फटका त्याला मारला. फ्रान्सला निमित्त मिळाले. जून १८३० मध्ये सुमारे ३७ हजार फ्रेंच सैनिक किनाऱ्यावर उतरले आणि ५ जुलै १८३० रोजी अल्जीयर्स पडले.

देश मात्र सहजासहजी वाकला नाही. अमीर अब्दुल कादिर या तरुण सरदाराने १८३२ पासून पंधरा वर्षे झुंज दिली. पुढे १८४८ मध्ये फ्रान्सने अल्जीरियाला आपल्या देशाचाच भाग ठरवले. सुपीक जमिनी युरोपीय वसाहतवाल्यांच्या हाती गेल्या. मूळ रहिवासी आपल्याच भूमीत दुय्यम ठरले.

कसब्याच्या पायथ्याची केचावा मशीद या काळाची साक्षीदार आहे. १८३२ साली फ्रेंचांनी तिचे चर्च केले आणि पुढे जुनी वास्तू पाडून नवी उभारली. आज दिसणारे तिचे दोन मनोरे त्याच काळातले.

८ मे १९४५ रोजी हिटलरच्या पराभवाचा आनंद साजरा होत असताना सेतिफ गावी स्वातंत्र्याचा झेंडा घेऊन मिरवणूक निघाली. पोलिसांनी गोळीबार केला. चिडलेल्या जमावाने युरोपीयांना मारले. त्यानंतरच्या फ्रेंच सूडसत्रात हजारो अल्जीरियन प्राणास मुकले. त्या दिवसापासून अनेक तरुणांचा अर्ज-विनंत्यांवरचा विश्वास उडाला.

१ नोव्हेंबर १९५४ रोजी राष्ट्रीय मुक्ती आघाडीने सशस्त्र लढा पुकारला. १९५७ मध्ये कसब्याच्या बोळाबोळांतून युद्ध पेटले. घरातल्या मुलीही त्यात उतरल्या. जमिला बूहिरेद या तरुणीला फाशीची शिक्षा झाली. जगभरातून निषेध उठला आणि तिचा जीव वाचला. फ्रेंच सैन्याने कैद्यांचा अनन्वित छळ केला. बंडखोरांच्या बॉम्बस्फोटांत निरपराध नागरिकही बळी पडले.

अखेर १८ मार्च १९६२ रोजी एव्हियां येथे करार झाला. १ जुलैच्या सार्वमतात जवळजवळ सर्वांनी स्वातंत्र्याचा कौल दिला. ३ जुलैला फ्रान्सने स्वातंत्र्य मान्य केले. पण अल्जीरियाने आपला स्वातंत्र्यदिन निवडला तो ५ जुलै! ज्या तारखेला शहर पडले, त्याच तारखेला १३२ वर्षांनी देश उभा राहिला. त्याच वर्षी केचावा पुन्हा मशीद झाली. दुसरीकडे, पिढ्यान्‌पिढ्या येथेच वाढलेल्या लाखो युरोपीयांना घरदार सोडून फ्रान्सची वाट धरावी लागली.

आज अल्जीयर्सवर ९२ मीटर उंचीचे हुतात्मा स्मारक उभे आहे. काँक्रीटची तीन भव्य ताडपत्रे एकमेकांना टेकलेली! १९८२ मध्ये, स्वातंत्र्याच्या विसाव्या वर्षी ते उभारले गेले.

कहाणीला आणखी एक पाच जुलै आहे. एकोणिसाव्या शतकातल्या अल्जीरियन लढवय्यांच्या कवट्या पॅरिसच्या संग्रहालयात पडून होत्या. २०२० साली त्या मायदेशी आल्या आणि ५ जुलै रोजी सन्मानाने त्यांचे दफन झाले. आपल्या माणसांना आपल्या मातीत विसावा देण्यासाठीही या देशाला स्वातंत्र्यानंतर ५८ वर्षे थांबावे लागले.