ओव्हन, ट्रिप आणि अन्वय-व्यतिरेक

मित्रहो, तत्त्वज्ञानाचा मास्तर ओव्हनवर काय बोलणार, असं तुमच्या मनात आलं असेल. पण बिघाड शोधणं म्हणजे अनुमानच. अग्नीवाचून धूर नसतो, म्हणून धुरावरून आपण अग्नी ओळखतो. या अटळ संबंधाला नैयायिक व्याप्ती म्हणतात. आता बघा, ‘ओव्हन लावला आणि घरातली वीज गेली, म्हणून ओव्हन बिघडला’, या अनुमानात अशी व्याप्ती आहे का?

आपल्या मुरबाड-शहापूरकडे चार महिने पाऊस. ओव्हन कोपऱ्यात पडून. दिवाळीत नानकटाईसाठी काढला, की ट्रिप! पहिला प्रश्न असा, की बोर्डावरचं पडलं काय? एमसीबी पडला असेल तर प्रवाह जास्त झाला किंवा शॉर्ट झालं. २००० वॉटचा ओव्हन २३० व्होल्टवर सुमारे ८.७ ॲम्पिअर घेतो. त्याला १६ ॲम्पिअरचंच सॉकेट हवं. आरसीसीबी पडला असेल तर गेलेली वीज पूर्ण परत आलेली नाही, कुठेतरी गळते आहे. घरातला आरसीसीबी बहुधा ३० मिलिॲम्पिअरचा असतो.

पुष्कळ ओव्हनच्या रॉडमध्ये तारेभोवती मॅग्नेशियम ऑक्साइडची भुकटी भरलेली असते. ती तारेला बाहेरच्या नळीपासून वेगळं ठेवते, पण दमट हवेत ओलावा ओढते. मग गळती सुरू होते.

तपासायचं कसं? ओव्हन लावला की ट्रिप, हा अन्वय. काढला की ट्रिप नाही, हा व्यतिरेक. जॉन स्टुअर्ट मिलने १८४३ साली तर्कशास्त्रावरच्या ग्रंथात जवळपास हेच सांगितलं. अट एकच, एका वेळी एकच गोष्ट बदलायची. सॉकेटही बदललं, वायरही बदलली, तर दोष कशात होता ते कळणारच नाही.

पण इथे एक मेख आहे. फ्रिज, गिझर यांचीही थोडी थोडी गळती असते आणि आरसीसीबी बेरीज बघतो. ओव्हनची केवळ शेवटची भर पडली असेल! म्हणून बाकीचे प्लग काढा, ओव्हन एकटाच लावा. तरी ट्रिप झालं, तर त्याच सॉकेटला इस्त्री लावून बघा. इस्त्री नीट चालली, तर संशय ओव्हनवर. त्याचा प्लग काढून काही दिवस कोरड्या, उबदार जागी ठेवा. तरीही तेच, तर वायरमनकडून मेगरने तपासून घ्या. साध्या मल्टिमीटरवर ही गळती बऱ्याचदा दिसत नाही.

काही जण प्लगची अर्थिंगची पिन काढतात, आरसीसीबी वगळून वायर जोडतात. ट्रिप थांबतं, नानकटाई होते, आणि ओव्हनच्या पत्र्यावर वीज उभी राहते. घरातलं कुणी ओल्या पायांनी त्याला हात लावतं. डोळे बांधून घेतले म्हणून आग विझत नाही, मंडळी. हा जिवाशी खेळ आहे.

ओव्हन तापतच नसेल, तर आधी टायमर शून्यावर नाही ना, ते बघा. कमी तापत असेल, तर व्होल्टेज बघा. २३० चं १८० झालं, तर उष्णता सुमारे ६१ टक्केच मिळते. तो ओव्हनचा दोष नव्हे.

आणि मायक्रोवेव्ह घरी उघडूच नका. प्लग काढल्यावरही त्याच्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा दाब शिल्लक राहू शकतो.

आता तुमचे प्रश्न घेऊ.