देवमाशांची शिरगणती

देवमासा नावाने मासा असला, तरी जातीने मासा नव्हे. तो फुप्फुसांनी श्वास घेणारा, पिलांना दूध पाजणारा सस्तन प्राणी आहे. श्वासासाठी त्याला पाण्यावर यावेच लागते. परंतु तेवढे क्षण सोडले, तर त्याचे सारे आयुष्य माणसाच्या दृष्टीआडच जाते. अशा प्राण्याची शिरगणती करावी कशी?

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ब्रिटिश संशोधकांनी दक्षिण महासागरात एक उपाय योजला. क्रमांक कोरलेली धातूची नळी ते बंदुकीने देवमाशाच्या अंगात रुतवीत. पुढे कधी तो देवमासा मारला गेला आणि नळी हाती लागली, तरच त्याने केलेला प्रवास उमगे. देवमाशाचा मृत्यू हेच त्या माहितीचे मोल होते.

१९७०च्या दशकात याहून सौम्य मार्ग रूढ झाला. हंपबॅक जातीचा देवमासा खोल बुडी मारताना शेपटी पाण्याबाहेर उचलतो. तिच्या खालच्या बाजूवरील काळ्या-पांढऱ्या रंगाची नक्षी, व्रण आणि दंतुर कडा ही प्रत्येकाची निराळी असतात. जणू अंगठ्याचा ठसाच. एक स्पष्ट छायाचित्र मिळाले, की त्या प्राण्याची ओळख पटते.

येथेच सामान्य माणसाचा प्रवेश होतो. संशोधकांची जहाजे मोजकी. प्रवासी आणि खलाशी मात्र असंख्य. १९९९ साली ब्राझीलजवळ दिसलेली एक मादी २००१ साली मादागास्करजवळ एका पर्यटकाच्या छायाचित्रात आढळली. या दोन ठिकाणांतील अंतर ९,८०० किलोमीटरांहून अधिक आहे. २०१५ साली सुरू झालेल्या ‘हॅपीव्हेल’ या उपक्रमात तर जगभरचे लोक अशी छायाचित्रे पाठवितात आणि संगणक ती जुन्या छायाचित्रांशी ताडून पाहतो.

हा केवळ हौसेचा खेळ नव्हे. अशाच संग्रहाच्या आधारे २०२४ साली एक चिंताजनक गोष्ट उघड झाली. व्यापारी शिकार थांबल्यावर उत्तर प्रशांत महासागरातील हंपबॅक वाढत जाऊन २०१२ साली सुमारे ३३ हजार झाले होते. २०२१पर्यंत ते सुमारे २६ हजार ६०० उरले. मधल्या काळात समुद्राचे पाणी असाधारण तापले व भक्ष्याची टंचाई झाली, हे त्याचे प्रमुख कारण असावे, असे संशोधक मानतात. शिकार थांबली म्हणजे संकट टळले, हा समज त्यामुळे खोटा ठरला.

अरबी समुद्रातील हंपबॅकांची स्थिती अधिक नाजूक आहे. ते इतरांप्रमाणे ध्रुवीय समुद्राकडे जात नाहीत. ओमानच्या किनाऱ्यालगत ते शंभरांहूनही कमी असावेत, असा अंदाज आहे. २०१७ साली तेथे उपग्रहयंत्र लावलेली ‘लुबान’ नावाची मादी समुद्र ओलांडून भारताच्या पश्चिम किनाऱ्यापर्यंत आली व पुढे परतली. म्हणून कोकण-गोव्याच्या कोळ्याने दूरवर पाहिलेला फवारा, किंवा किनाऱ्यावर लागलेल्या देवमाशाची वेळीच दिलेली वर्दी, यांनाही संशोधनात मोल आहे.

मात्र छायाचित्रासोबत दिवस आणि ठिकाण यांची नोंद हवी. नाहीतर ते केवळ शोभेचे चित्र उरते. आणि चांगल्या चित्राच्या मोहाने नाव अंगावर नेणे, पिलाची व आईची ताटातूट करणे, हे तर संशोधनाच्या हेतूलाच बाधक होय. दुरून पाहावे, नीट टिपावे आणि प्रामाणिकपणे कळवावे, एवढेच शास्त्राला सामान्य माणसाकडून हवे असते.