मेलेल्या जनावराचे नमुने तपासणीसाठी पाठविताना



सायंकाळी धडधाकट दिसलेली गाय सकाळी गोठ्यात मरून पडलेली आढळते. ती तर गेली; परंतु दावणीच्या उरलेल्या जनावरांचे काय? मृत्यूचे कारण कळले तरच त्यांना लस टोचावी की चारा बदलावा, हे ठरविता येते. यासाठी पशुवैद्यक शवविच्छेदन करून नमुने घेतात व औंध (पुणे) येथील रोग अन्वेषण विभागाकडे किंवा जवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाकडे पाठवितात. पुष्कळदा ते पोहोचविण्याचे काम आपल्याकडेच येते.

प्रथम एक इशारा. जनावर अचानक मेले आणि नाक, तोंड वा गुदद्वारातून काळसर, न गोठणारे रक्त येत असेल, तर काळपुळीची शंका घ्यावी. असे जनावर मुळीच फाडू नये, कातडेही काढू नये. हवा लागताच या जंतूंचे बीजाणू बनतात व जमिनीत अनेक वर्षे टिकतात. पशुवैद्यक कानाच्या शिरेतील रक्त काचपट्टीवर घेतात.

इतर वेळी मात्र विलंब नको. उन्हाळ्यात काही तासांतच शव कुजते, आतडी सर्वांत आधी.

पेशींच्या तपासणीसाठी यकृत, फुफ्फुस, मूत्रपिंड यांचे तुकडे फॉर्मॅलिनमध्ये ठेवतात. बाजारातील फॉर्मॅलिन १ भाग व पाणी ९ भाग घ्यावे. द्रावण तुकड्यांच्या दहापट असावे. तुकडा १ सें.मी.हून जाड नको. तो रोगट व निरोगी भागांच्या सीमेवरचा हवा. बरणी रुंद तोंडाची घ्यावी. अरुंद बाटलीत मऊ तुकडा सहज जातो, पण कडक झाल्यावर निघत नाही. हा नमुना गोठवू नये. बर्फाच्या कणांनी पेशी फाटतात.

जंतू वाढवून पाहायचे असल्यास नेमके उलट करावे. फॉर्मॅलिनने जंतू मरतात, म्हणून नमुना निर्जंतुक बाटलीत, बर्फ घातलेल्या थर्मासमधून पाठवावा.

कोवळी ज्वारी खाऊन विषबाधा झाल्याचा संशय असेल, तर पोटातील चारा व शेतातील ताटे वेगवेगळ्या, घट्ट झाकणाच्या बरण्यांत काठोकाठ भरून, थंड ठेवून त्याच दिवशी पोहोचवावीत. यातील विष उडून जाते. आम्हा पीकशास्त्राच्या माणसांना शेतकरी नुसती वाळलेली ताटे आणून दाखवितात, त्यावरून काही सांगता येत नाही.

सोबतच्या चिठ्ठीत वय, लक्षणे, आजाराचे दिवस, दिलेला चारा, लसीकरण आणि झालेले औषधोपचार लिहावेत. प्रतिजैविकाचे इंजेक्शन दिले असल्यास ते लपवू नये. अशा नमुन्यात जंतू वाढत नाहीत आणि रोग नव्हताच असा चुकीचा समज होतो. बरणीवरील चिठ्ठी पेन्सिलीने लिहावी, कारण फॉर्मॅलिन सांडल्यास शाई पुसली जाते.