आल्फा-शृंखला रोग

लघ्वांत्राच्या (लहान आतड्याच्या) श्लेष्मकलेतील (आतील बुळबुळीत अस्तरातील) लसीकाभ ऊतकात उद्‌भवणारे एक विरळ लसीकार्बुद. भूमध्य समुद्राभोवतालच्या देशांत ते प्रथम लक्षात आल्याने त्यास ‘भूमध्य सामुद्रिक लसीकार्बुद’ असेही म्हणत. हे नाव फारसे अन्वर्थक नाही. कारण भारतातही रुग्ण आढळले आहेत आणि रोगाचा संबंध प्रदेशापेक्षा दारिद्र्य व अस्वच्छता यांच्याशी अधिक दिसतो.

निरोगी आतड्यातील प्लाविका कोशिका सूक्ष्मजंतूंच्या प्रतिकारार्थ ‘ए’ वर्गाचे प्रतिपिंड तयार करतात. त्याच्या प्रत्येक एककात दोन जड (आल्फा) व दोन हलक्या प्रथिन शृंखला असतात. या रोगात हलक्या शृंखला नसतात व जड शृंखलेचा प्रतिजन ओळखणारा भागही गळालेला असतो. त्यामुळे निर्माण होणारे प्रथिन संरक्षणाच्या दृष्टीने निरुपयोगी ठरते. माक्सीम सेलिगमान व त्यांचे सहकारी यांनी १९६८ मध्ये पॅरिस येथे ते प्रथम ओळखले.

रुग्ण बहुधा तरुण असतो. दीर्घकाळ टिकणारा अतिसार, पोटदुखी, अन्नघटकांच्या सदोष अवशोषणामुळे झपाट्याने घटणारे वजन आणि काहींमध्ये बोटांची फुगीर टोके ही लक्षणे दिसतात. भारतात आतड्याचा क्षय व संग्रहणी यांतही यांपैकी बरीच लक्षणे आढळत असल्याने निदान चुकण्याचा वा लांबण्याचा संभव असतो. रक्तरसात वरील प्रथिन सापडले नाही, तरी रोग नाही असे म्हणता येत नाही. जीवोतक परीक्षा आवश्यक असते.

निदानातील विलंब घातक ठरू शकतो. प्रारंभीच्या अवस्थेत विकृत कोशिका श्लेष्मकलेपुरत्या मर्यादित असतात व टेट्रासायक्लिनासारखी प्रतिजैव औषधे काही महिने दिल्यास अनेक रुग्णांत रोग पूर्णपणे मागे हटतो. कर्करोगाच्या बाबतीत हे असाधारणच होय. सूक्ष्मजंतूंच्या सततच्या उत्तेजनामुळे लसीकाभ ऊतकाची वाढ होते, या कल्पनेस त्यामुळे आधार मिळाला. २००४ मध्ये फ्रान्समधील संशोधकांना काही रुग्णांच्या आतड्यात कँपिलोबॅक्टर जेजुनाय हा जंतू आढळला. मात्र तोच एकमेव कारण असल्याचे सिद्ध झालेले नाही. जठराच्या अशाच लसीकार्बुदाचा हेलिकोबॅक्टर पायलोराय या जंतूशी असलेला संबंध अधिक निश्चित आहे.

उपचार न झाल्यास कोशिका आतड्याच्या भित्तीत खोलवर व लगतच्या लसीका ग्रंथींत पसरतात आणि अधिक मारक रूप धारण करतात. अशा वेळी रसायनोपचार करावे लागतात. प्रतिजैवांनी बरे झालेल्यांतही रोग उलटू शकत असल्याने त्यांची वेळोवेळी तपासणी करतात.