अपूर्ण नायकाचा प्रयोग : तकाराझुका रंगभूमीवरील ‘शिन्जिन कोएन’

रंगभूमीच्या अभ्यासात नटाची तयारी हा विषय बहुधा पडद्यामागचा मानला जातो. प्रेक्षकांपुढे येतो तो तयार झालेला नट. त्याचे शिकणे, चुकणे आणि सावरणे तालमीच्या खोलीत राहते. जपानमधील तकाराझुका या केवळ स्त्रियांच्या संगीत रंगभूमीने मात्र हे शिकणेच प्रेक्षकांपुढे मांडण्याची प्रथा रूढ केली आहे. या प्रथेचे नाव ‘शिन्जिन कोएन’, म्हणजे नवोदितांचा प्रयोग. मुख्य नाटकाचे प्रयोग चालू असतानाच त्याच रंगमंचावर, त्याच नेपथ्यात, तेच नाटक संस्थेतील तरुण कलावती एकदा सादर करतात आणि प्रमुख भूमिका त्यांच्यापैकीच एकीकडे जाते. ही प्रथा कोणत्या व्यवस्थेतून आली, भूमिकेविषयीची कोणती कल्पना तिच्यामागे आहे आणि तिची किंमत कोणाला मोजावी लागते, या तीन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

१. रेल्वे, स्नानगृह आणि रंगमंच

तकाराझुका हे ओसाका शहराजवळचे, ह्योगो प्रांतातील उष्ण झऱ्यांचे गाव. तेथपर्यंत जाणारी विद्युत रेल्वे १९१० मध्ये सुरू झाली. उद्योजक इचिझो कोबायाशी (१८७३–१९५७) हे या रेल्वेचे प्रवर्तक. गाडीच्या शेवटच्या स्थानकापर्यंत प्रवाशांनी यावे म्हणून त्यांनी तेथे स्नानगृहे व करमणुकीची साधने उभी केली. १९१३ मध्ये मुलींचे गायनपथक स्थापन करण्यात आले आणि त्याचा पहिला जाहीर प्रयोग १ एप्रिल १९१४ रोजी झाला. न चाललेल्या एका बंदिस्त पोहण्याच्या तलावावर फळ्या टाकून तयार केलेले सभागृह हे या रंगभूमीचे पहिले नाट्यगृह. ‘दोन्बुराको’ हे पहिले नाटक मोमोतारो या लोककथेतील बालवीरावर आधारलेले होते.

करमणुकीची जोड म्हणून सुरू झालेल्या या उपक्रमाला कोबायाशींनी शिक्षणाचे रूप दिले, ही गोष्ट पुढील विवेचनासाठी महत्त्वाची आहे. १९१९ मध्ये संगीत-नाट्यशाळा स्थापन झाली. १९२४ मध्ये मोठे नाट्यगृह उभे राहिले, १९२७ मध्ये ‘मॉन पारी’ या प्रयोगाने पाश्चात्त्य ‘रिव्ह्यू’ हा प्रकार जपानी रंगभूमीवर आणला आणि १९३४ मध्ये तोक्योत स्वतंत्र नाट्यगृह सुरू झाले. संस्थेचा व्याप असा वाढत गेला तरी तिच्या कलावतींना ‘सेइतो’, म्हणजे विद्यार्थिनी, म्हणण्याची पद्धत कायम राहिली. वीस वर्षे रंगमंचावर काढलेली नामवंत नायिकाही संस्थेच्या भाषेत विद्यार्थिनीच असते.

मराठी वाचकाला येथे एक योगायोग जाणवेल. १९१३ याच वर्षी महाराष्ट्रात गंधर्व नाटक मंडळीची स्थापना झाली. तेथे पुरुष स्त्रीभूमिका करीत होते. तकाराझुकात स्त्रिया पुरुषभूमिका करू लागल्या. जपानमध्ये १६२९ पासून स्त्रियांना काबुकीच्या रंगमंचावर बंदी होती. त्यामुळे स्त्रीभूमिका करणाऱ्या पुरुष नटांची, ‘ओन्नागाता’ची, समृद्ध परंपरा तेथे निर्माण झाली. तकाराझुका हे एका अर्थाने त्या परंपरेचे उलटे प्रतिबिंब होय.

२. वर्षांची उतरंड

संस्थेच्या शाळेत १५ ते १८ वर्षे वयाच्या सुमारे ४० मुलींना दरवर्षी प्रवेश मिळतो. दोन वर्षांचे शिक्षण संपल्यावर त्या कलासंघात येतात. तेव्हापासून प्रत्येकीची ओळख वर्षाच्या आकड्याने होते : पहिल्या वर्षाची ‘केन् १’, सातव्या वर्षाची ‘केन् ७’. ‘केन्’ हे ‘अभ्यासवर्ग’ या अर्थाच्या जपानी शब्दाचे लघुरूप. कलासंघाचे पाच गट आहेत : फूल, चंद्र, हिम, तारा आणि १९९८ मध्ये नव्याने स्थापन झालेला आकाश गट. प्रत्येक गटात पुरुषभूमिका करणाऱ्या ‘ओतोकोयाकु’ आणि स्त्रीभूमिका करणाऱ्या ‘मुसुमेयाकु’ अशी विभागणी असते. एक ओतोकोयाकु गटाची प्रमुख तारका असते. नाटके तिच्यासाठी निवडली जातात, लिहिली जातात, प्रसंगी बदललीही जातात. व्हिएन्ना येथे १९९२ मध्ये रंगमंचावर आलेले ‘एलिझाबेथ’ हे संगीत नाटक तकाराझुकाने १९९६ मध्ये शुइचिरो कोइके यांच्या दिग्दर्शनाखाली सादर केले, तेव्हा नाटकाचा केंद्रबिंदू सम्राज्ञी एलिझाबेथवरून ‘मृत्यू’ या पुरुषरूपी पात्राकडे सरकला. याचे कारण नाट्यवस्तूत नसून गटरचनेत आहे.

या रचनेत वरच्या जागा थोड्या आणि वाट पाहणाऱ्या अनेक. मुख्य प्रयोगात पहिल्या काही वर्षांतील कलावतींना समूहगान, समूहनृत्य आणि क्वचित एखादे वाक्य एवढेच वाट्याला येते. ही कोंडी फोडण्याचे काम शिन्जिन कोएन करतो.

३. एका रात्रीची भूमिका

संस्थेत येऊन सात वर्षे पूर्ण न झालेल्या कलावतींनाच या प्रयोगात भाग घेता येतो. मुख्य नाटक तकाराझुका आणि तोक्यो अशा दोन्ही नाट्यगृहांत प्रत्येकी महिनाभर किंवा अधिक काळ चालते. नवोदितांचा प्रयोग मात्र प्रत्येक ठिकाणी साधारणतः एकदाच होतो. म्हणजे ज्या भूमिकेचे मुख्य कलावती अनेक डझन प्रयोग करते, ती भूमिका नवोदितेला केवळ दोन वेळा मिळते. चूक दुरुस्त करण्याची संधी तिला जवळजवळ नसतेच. दिग्दर्शनही बहुधा तरुण साहाय्यक दिग्दर्शकाकडे सोपवले जात असल्याने ही परीक्षा केवळ नटीची राहत नाही.

या व्यवस्थेतील सर्वांत महत्त्वाची संज्ञा ‘होन्याकु’ ही आहे. मुख्य प्रयोगात ती भूमिका करणारी ज्येष्ठ कलावती ही नवोदितेची होन्याकु. नवोदिता रोज दुपारी समूहात उभी राहून तिच्यापासून काही हातांच्या अंतरावर गात असते आणि त्याच वेळी तिची हालचाल, श्वास, थांबे पाहत असते. पुढे ती तिच्याकडे जाऊन शंका विचारते, सूचना घेते. हे शिक्षण ग्रंथातून किंवा वर्गातून होत नाही. चालू प्रयोगाच्या आतून होते.

येथे अनुकरण आणि अर्थघटन यांचा प्रश्न उपस्थित होतो. काबुकीत ‘काता’, म्हणजे परंपरेने ठरलेला अभिनयाचा साचा, शिष्य गुरूकडून आत्मसात करतो. तकाराझुकात हालचालींच्या जागा, गीते आणि संवाद तेच असले, तरी साचा इतका घट्ट नसतो. होन्याकुची हुबेहूब नक्कल करणारी नवोदिता कसबी ठरते, पण तिच्याविषयी कुतूहल उरत नाही. उलट भूमिका सर्वस्वी बदलणारी उद्धट वाटण्याचा संभव असतो. या दोहोंमधील अरुंद जागेत तिला आपला स्वर शोधावा लागतो. एकच संहिता, एकच नेपथ्य आणि दोन देह असा तौलनिक पाहणीचा दुर्मीळ प्रसंग प्रेक्षकालाही मिळतो. भूमिका संहितेत किती आणि नटाच्या देहात किती, या जुन्या प्रश्नाचे हे जणू प्रात्यक्षिकच होय.

४. ‘दहा वर्षे’ आणि सात वर्षे

‘ओतोकोयाकु घडायला दहा वर्षे’ हे या रंगभूमीवरील प्रसिद्ध वचन आहे. आवाज खालच्या पट्टीत स्थिर करणे, खांदे आणि पावले यांची नवी सवय अंगी मुरवणे, कोटाच्या बाहीपासून टोपीच्या कडेपर्यंत प्रत्येक वस्तू सहजतेने हाताळणे, यासाठी हा काळ लागतो असे मानले जाते. हे वचन आणि सात वर्षांची मर्यादा एकत्र ठेवली म्हणजे शिन्जिन कोएनचे मर्म उलगडते. संस्थेच्या स्वतःच्या मोजमापाने जी ओतोकोयाकु अजून घडलेली नाही, तिलाच येथे पूर्ण नायक उभा करायचा असतो. ‘व्हर्सायचे गुलाब’ (१९७४) या नाटकातील ऑस्कारसारख्या भूमिकेत तर ही कसोटी दुहेरी होते. कारण पुरुष म्हणून वाढवलेल्या स्त्रीचे ते पात्र आहे आणि पुरुषत्व व स्त्रीत्व ही दोन्ही घडवलेली आहेत हे तिला दाखवावे लागते.

अपवादही घडतात. युकी आमामी हिने १९८७ मध्ये पदार्पण केले आणि त्याच वर्षी ‘मी अँड माय गर्ल’ या नाटकाच्या नवोदितांच्या प्रयोगात तिला प्रमुख भूमिका मिळाली. १९९३ मध्ये ती चंद्र गटाची प्रमुख तारका झाली. हितोमी कुरोकी ही १९८१ मध्ये आली आणि पुढच्याच वर्षी त्या गटाची प्रमुख मुसुमेयाकु झाली. परंतु अशी उदाहरणे लक्षात राहतात ती अपवाद म्हणूनच. बहुतेक प्रमुख तारका नवोदितांच्या प्रयोगातील नायकपद भूषवून पुढे आलेल्या असतात. मात्र ते पद मिळालेल्या सर्वच जणी शिखरावर पोहोचत नाहीत. सातवे वर्ष संपले आणि ती संधी आलीच नाही, तर आपले स्थान कोणते हे कलावतीला कोणी न सांगताही कळते.

प्रेक्षकांचे नातेही याच अपूर्णतेशी जडलेले आहे. नियमित प्रेक्षक या प्रयोगाला निर्दोष सादरीकरणाच्या अपेक्षेने येत नाहीत. थरथरलेला स्वर, निसटलेला सूर आणि अखेरच्या अभिवादनातील अश्रू यांतून ते एका घडणीचे साक्षीदार होतात. काही वर्षांनी तीच कलावती प्रमुख झाली, तर ‘आपण तिला तेव्हा पाहिले होते’ ही स्मृती त्यांच्या रसिकतेचा भाग बनते.

५. शिकण्याची किंमत

या व्यवस्थेचा गौरव करून थांबणे आज शक्य नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये आकाश गटातील एका तरुण कलावतीचा मृत्यू झाला. ती नवोदितांमधील सर्वांत ज्येष्ठ तुकडीची होती आणि या प्रयोगासाठी कनिष्ठांची तयारी करून घेण्याचा भार परंपरेने त्याच तुकडीवर असतो. दिवसा मुख्य नाटकाच्या तालमी, त्यानंतर नवोदितांच्या तालमी आणि त्यावर संयोजन, असा कामाचा ताण चौकशीतून पुढे आला. ज्येष्ठांच्या वागणुकीविषयीच्या तक्रारी संस्थेने प्रारंभी नाकारल्या. मार्च २०२४ मध्ये मात्र मूळ उद्योगसमूहाने छळ झाल्याचे मान्य करून कुटुंबीयांची क्षमा मागितली. आठवड्यातील प्रयोगांची संख्या दहावरून नऊवर आणण्याचा निर्णयही घेण्यात आला.

या घटनेने एका शब्दाचा अर्थ तपासून पाहण्यास भाग पाडले. ‘विद्यार्थिनी’ या संबोधनाने कलावतीला आयुष्यभर शिकत राहण्याची नम्रता दिली. पण त्याच संबोधनामुळे तिचे श्रम हे श्रम म्हणून मोजले गेले नाहीत. शिकणाऱ्याने किती तास उभे राहावे, ज्येष्ठाने किती कठोर व्हावे, याचा हिशोब शाळेच्या शिस्तीत विरघळून गेला. ज्या उतरंडीतून होन्याकु आणि नवोदिता यांचे सर्जनशील नाते निर्माण होते, तीच उतरंड जाचाचेही साधन होऊ शकते. या दोन गोष्टी एकमेकींपासून सहज वेगळ्या करता येतील असे मानणे भाबडेपणाचे ठरेल.

तरीही या प्रथेचे नाट्यशास्त्रीय मोल त्यामुळे नाहीसे होत नाही. भूमिका ही कोणा एकीची मालमत्ता नसून ती हस्तांतरित होणारी ठेव आहे, ही जाणीव शिन्जिन कोएनने आपल्या प्रेक्षकांत रुजवली. अपूर्ण नटालाही रंगमंचावर स्थान आहे, हे तिने मान्य केले. ठेव सोपवताना ती घेणाऱ्या हातांची शक्ती किती, याचा विचार करणे हे आता या रंगभूमीपुढचे काम आहे. आणि नव्या पिढीकडून उत्तम कलेची अपेक्षा करणाऱ्या कोणत्याही रंगभूमीला हा विचार टाळता येणार नाही.