छंदातून घडलेली प्रणाली

अँड्रॉइड फोनच्या गाभ्यात एका विद्यार्थ्याचा छंद दडलेला आहे, हे तुम्हांस ठाऊक आहे काय?

१९९१ साली फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठात लिनस टोरवाल्ड्स हा २१ वर्षांचा तरुण शिकत होता. घरच्या संगणकावरून टेलिफोनच्या तारेने विद्यापीठाच्या संगणकाशी संपर्क साधण्यासाठी त्याने एक आज्ञावली लिहिली. तिकडून आलेली माहिती साठवायची, तर चकती चालविणाऱ्या आज्ञा हव्यात. मग फाइली मांडून ठेवणाऱ्या आज्ञाही हव्यात. अशी गरजेमागून गरज येत गेली आणि संगणकाची सर्व कामे सांभाळणाऱ्या प्रणालीचा गाभा तयार झाला. तोच ‘लिनक्स’.

सप्टेंबर १९९१ मध्ये सुमारे १०,००० ओळींची ही मूळ संहिता त्याने सर्वांसाठी खुली केली. संहिता म्हणजे जणू पाककृती. नुसता लाडू खाऊन तो कोठे बिघडला हे नेमके कळत नाही. कृती हाती असेल, तर कोणीही चूक शोधून सुधारू शकतो. देशोदेशींच्या हौशी मंडळींनी हेच केले. १९९२ साली स्वीकारलेल्या परवान्याची अटही तशीच आहे: सुधारा, वाटा, पण वाटताना सुधारलेली कृतीही द्या.

२०१७ पासून जगातील सर्वांत वेगवान ५०० महासंगणक लिनक्सवरच चालत आहेत. ती संहिता आजही खुली आहे. वाचून पाहाल ना?